बादलीचं तेजोवलय

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. भर सकाळी पडदे ओढलेले, खुर्चीवर तेजबाबा आणि त्यांच्या डोक्यामागे एकच झगझगीत दिवा.

"दिसलं!" पहिल्या रांगेतले म्हातारे एकापाठोपाठ एक ओरडत होते. "बाबांभोवती तेजाचं कडं दिसलं!"

तरुणांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्याचंही उत्तर बाबांकडे तयार होतं. "पुण्य साठायला वय लागतं, बाळांनो!" किती सोयीचं, नाही का?

सूनबाई मागच्या भिंतीला टेकून सगळं बघत होती. गाड्यांच्या काचा बदलण्यात तिची दहा वर्षं गेलेली. तिचे सासरे, अण्णा, पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. सोमवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. पण डोळ्याला शस्त्र लागलं की तेज जाईल, असं बाबांनी सांगितलं आणि अण्णांनी साफ नकार दिला. हेच अण्णा रोज सकाळी नातीला स्कूटरवर बसवून, ऊन तोंडावर घेत, शाळेत सोडायचे! परवा समोर उभी असलेली हातगाडी त्यांना दिसलीच नाही. पोरीचा गुडघा फुटला. डोकंही फुटलं असतं, या विचारानं सूनबाईला दोन रात्री झोप नव्हती.

ती तरातरा पुढे गेली. पिशवीतून जुन्या गाडीच्या काचेचा, ओरखड्यांनी आंधळा झालेला तुकडा काढून तिनं एका कॉलेजच्या मुलीला दिला. "यातून बघ."

"अगंबाई! मलाही कडं दिसतंय!"

तुकडा हातोहात फिरला. पाच मिनिटांत पन्नास जण पुण्यवान झाले.

"ही माझीच कृपा!" बाबा गरजले.

"मग जरा बाहेर उभे राहता का? कृपा बरोबर घेऊन जा."

"जा की बाबा," भक्तच म्हणाले, "हिचं तोंड एकदाचं बंद करा!"

बाबांना उठावंच लागलं. सूनबाईनं कोपऱ्यातली फरशी पुसायची बादली आणून खुर्चीवर ठेवली. "अण्णा, आता सांगा."

अण्णांनी उभी हयात वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवलेली. खोटं माप त्यांच्या जिभेवर यायचंच नाही. त्यांनी बादलीकडे निरखून पाहिलं.

"बादलीलाही कडं आहे," ते हळूच म्हणाले.

"तेज दिव्याचं, अण्णा. वय झालं की डोळ्यातल्या भिंगातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांच्या बारीक गुठळ्या होतात. प्रकाश सरळ आत जायचा, तो त्यांच्यावर आपटून पांगतो. घासलेल्या काचेत होतं तेच. काच आम्ही बदलतो, भिंग डॉक्टर बदलतात."

"म्हणजे ती हातगाडी..."

"उन्हाच्या झगमगाटात बुडाली."

अण्णांचा चेहरा पडला. "पोरीला मी मारलंच असतं गं," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून उठले, स्कूटरची किल्ली सुनेच्या हातात दिली आणि आपल्या रांगेकडे वळले.

"मंडळी, आपल्याला देव दिसलेला नाही. मोतीबिंदू झालाय. डोळे तपासून घ्या, आणि तोवर कुणाचं लेकरू गाडीवर बसवू नका."