घळईखालचं बेट

घळईतून बाहेर पडली की आमची नदी फुटते. धाराच धारा, मधे गोट्यांची बेटं, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्या जागा बदललेल्या. तिथून बोट काढावी तर फिलोमेनताईनंच. ती माझी चुलत बहीण.

तिचा भाऊ बोनिफास हा डुगल नावाच्या शिकाऱ्याला घेऊन वर गेला होता. डुगल एकटाच परतला. बोट उलटली, बोनिफास बुडाला, म्हणाला. बर्फ वितळल्यावर बोनिफास सापडला तो एका बेटावर, ओंडक्याला टेकलेला. मोडलेल्या पायाला त्यानं काठ्या बांधल्या होत्या. शेजारी शेकोटीची राख. पोलीस म्हणाले, पुरावा नाही.

पुढच्या हंगामात डुगल पुन्हा मूस या थोराड हरणाच्या शिकारीला आला. कोणी त्याच्याबरोबर जाईना. ताई म्हणाली, "मी नेते."

घळईखाली तो मूसचा माग बघायला बेटावर उतरला. ताईनं बोट मागे ढकलली.

"फिलोमेन! चेष्टा पुरे!"

"तू निघालास तेव्हा बोनिफास जिवंत होता का रे?"

"वेडी आहेस का? बुडाला तो!"

"पाणी बघ. डोंगरात पाऊस झालाय."

पाणी मातकट झालं होतं. मुळांसकट उपटलेली झाडं वाहत येत होती, बेटाची कड ढासळत होती. डुगलचे बूट भिजले तसा तो ओरडला, "होता! जिवंत होता! त्याला घेऊन आम्ही दोघंही मेलो असतो!"

"हाका मारत होता?"

"हो... मारत होता."

ताईनं इंजिन चालू केलं.

हे सगळं तिनंच मला धक्क्यावर सांगितलं, बोट बांधता बांधता, शांतपणे. मी तसाच तीच बोट घेऊन वर गेलो. डुगल अडकलेल्या झाडाला मिठी मारून होता, कमरेपर्यंत पाण्यात. त्याची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. गारठून पायाची बोटं गेली त्याची. विमानानं नेला. त्यानं कुणाकडे तक्रार केली नाही. करायची तर बेटावर काय कबूल केलं तेही सांगावं लागलं असतं.

मी तिच्याकडे गेलो तेव्हा ताई वाळवणासाठी मासे चिरत होती.

"तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?"

"ताई, खून झाला असता."

"आणि आधी काय झालं होतं?"

त्या हिवाळ्यात तिनं घरोघर सुकं मांस वाटलं. आमचं दार तेवढं वगळलं.