एडिथ ग्रिमशॉ हे नाव मोकळं झालं

कपाच्या बुडाचा ओला गोल बरोबर त्या नावावर बसला होता — एडिथ ग्रिमशॉ, नटी, वय ब्याऐंशी — आणि वर्तमानपत्राचा कागद तेवढाच फुगून आलेला. लॉरा फेनने तो बोटाने दाबून बसवला, तो पुन्हा फुगला. गेली म्हणजे. आपलंच नाव घेऊन, आपल्याआधी.

"हलू नकोस गं," मॉरीन म्हणाली. वीस वर्षं ती लॉराच्या तोंडाला रंग लावत आली होती, त्या हक्काने हनुवटी धरून फिरवायची. "कोण गेलं?"

"मी."

"मग एवढे थर कशाला लावतेय मी? गेलेल्यांचं थोडक्यात भागतं."

लॉरा हसली नाही. हल्ली हसायलाही चेहरा उचलावा लागायचा, आणि आज तर गुडघ्यांपासून भुवयांपर्यंत सगळंच ओलं धुणं वाळत घातल्यासारखं खाली ओढत होतं…

जन्माची एडिथ ग्रिमशॉ तीच. बर्नलीच्या गिरणीतल्या विणकऱ्याची थोरली, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. पण नटांच्या संघटनेत एका नावाचं एकच माणूस चालतं, आणि ती एकोणिसाव्या वर्षी तिथे पोचली तर चार महिने आधी कुणी दुसरीच एडिथ ग्रिमशॉ नाव नोंदवून बसलेली. दुसरं सांगा, टेबलामागचा बाप्या म्हणाला, मागे माणसं खोळंबलीत. त्याच्या खिडकीतून समोरचं छत्र्यांचं दुकान दिसत होतं — फेन आणि मुलगे. झालं. छत्रीवाल्याचं आडनाव लावून साठ वर्षांत तीन सरदारणी केल्या, एक राणी केली, टीव्हीवर अकरा वर्षं एका दारूच्या गुत्त्याची मालकीण झाले, आणि लोक म्हणाले, काय खानदानी नाक आहे हो…

खानदानी! बाबांचं नाक ते. कान मात्र मागांच्या खडखडाटाने गेलेले. गिरणीतली माणसं आवाजाशिवाय, नुसत्या ओठांनी बोलायची, तसं त्यांनी माझं पहिलं चित्र ओठ वाचत पाहिलं. संपलं, दिवे लागले, तरी उठेनात. पडद्यावर नावं सरकत होती, पार शिंप्या-सुतारांपर्यंत. "तुझं आलं नाही," म्हणाले. आलं की, बाबा, लॉरा फेन… "ते आपल्या घरातलं नाही." टोपी घातली आणि चालू लागले. त्यानंतर थिएटरची पायरी चढले नाहीत.

दारावर टकटक झाली. ऑफिसातली शॅनन कागद घेऊन आली. "मॅडम, चित्राच्या शेवटी तुमचं नाव कसं द्यायचं ते या चौकटीत लिहून द्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मग बदलता येत नाही."

ती गेल्यावर मॉरीनने वर्तमानपत्र उचललं, वाचलं, आणि ब्रश टेबलावर ठेवला.

"नाव मोकळं झालं की. घे ना परत. शेवटचंच चित्र म्हणतेस."

"साठ वर्षांनी? शेजारणीकडून पातेलं मागून आणावं तसं?"

"मग वीस वर्षं माझं डोकं कशाला खाल्लंस?"

खाल्लं होतं, खरं आहे. ती दुसरी पडद्यावर दिसली की तोंड सुटायचं — नर्स झाली, शेजारीण झाली, एकदा तर तळ्यात सापडलेलं प्रेत. माझ्या नावाने तळ्यात पडताना लाज नाही वाटली? आणि संघटनेतून कुणी सांगितलं असावं, दर नाताळला त्या बाईचं कार्ड यायचं, एकाच ओळीचं — नाव सुखरूप आहे, काळजी नसावी. साठ कार्डं. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. माजच तेवढा.

तिने पेन घेतलं. चौकट बोटभर. आता लिहिलं की बाबा त्या थंड थिएटरात बसलेले असतील तिथे नाव येईल, अखेर येईल… पण मग ती नर्स, ते प्रेत, तेही माझ्याच पदरात पडणार. लोक म्हणतील सगळ्या एकच, आणि जिने एवढी वर्षं ते नाव बिनडाग वापरलं ती बाई कुठे जाईल?

"एडिथ," मॉरीन मागून हलकेच म्हणाली, बघू तरी म्हणून.

लॉरा कागदाकडेच पाहत राहिली. मग बाहेरून कुणीतरी ओरडलं, "लॉराचं झालं का?" आणि दुखरे गुडघे आपोआप सरळ झाले, ती अर्धी उठलीसुद्धा.

मॉरीनने पावडरचा डबा उगाचच बंद केला.

लॉरा पुन्हा बसली. आरशात मोत्यांची माळ घातलेली एक सरदारीण होती, दमलेली. तिच्याकडे पाहून लॉराने ओठ हलवले, मागाशेजारी हलवायचे तसे, आवाज न करता, एकेक अक्षर सुटं — एडिथ ग्रिमशॉ. पुन्हा एकदा, आणखी सावकाश. ओठांना ते जड लागलं; आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच ते आपलं नाव वाटलं नाही… उत्तराची वाट बघून गेलेल्या बाईला मारलेली हाक वाटली.