रामीबाईचं रक्त जुळेना

रामीबाईचं रक्त तिच्या लेकीशी जुळलं नाही, तवा लॅबमंधल्या साऱ्याइनं माह्याकडं पायलं. पायतीलच नं. रक्त काढणारी मी, नळीवर नाव चिकटवणारी मी. केनवडची रत्नमाला, नोकरीले अजून वर्षही झालं नाही.

वाशीमले ही लॅब नवीनच निघाली. एकाच दुखण्याचा शोध चालते इथं, मायटोकॉन्ड्रियाच्या. मी लोकाइले सोपं करून सांगतो: अंगातल्या पेशीत बारीक बारीक चुली असतात, त्याइच्यावर आपली ताकद शिजते. त्या बिघडल्या का माणूस थकते, पापण्या लोंबतात, कोणाले फिट येते. अन् ह्या चुली लेकराले भेटतात मायकडूनच. म्हणून लेकीची अन् मायची चूल एकसारखी दिसाले पाहिजे. आजारी लेक निता अन् माय रामीबाई, दोघीइची दिसली नाही.

"नळ्या बदलल्या असतील," आमच्या मोठ्या मॅडम, स्नेहाताई म्हणाल्या. "पुन्हा घेऊन ये."

मले राग आला. मी का आंधळी हाय? पण गेली. पोहरादेवीच्या पुढं त्याइचा तांडा, तिथून पुन्हा रक्त आणलं, डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. तेही जुळलं नाही. मंग मॅडम हळूच म्हणाल्या, "रत्नमाला, चूक तुझी नाही. ही बाई तिची आई नाही."

जीव भांड्यात पडला माहा. अन् पुन्हा वर आला, कारण हे जाऊन इचारणार कोण? मीच. पोरगी कॉलेजात जाणारी, जाणती. तिच्या घरात जाऊन असं कसं तोंड उघडावं? शेलूबाजारपासून जीपमंधले लोक सोयाबीनच्या भावावर भांडून राह्यले होते, मले त्यातलं काही ऐकू येईना.

तांड्यावर पोचली तं रामीबाईची सासू, गोजराबाई, ओट्यावर बसून सुरूच होती. "हिच्याच रक्तात कीड. सोन्यासारखी पोर नासवली हिनं." रामीबाई खाली मान घालून तुरीच्या शेंगा सोलून राह्यली. मी असती तं दोन सुनावल्या असत्या. निता भिंतीले टेकून, पापणी बोटानं वर धरून पुस्तक वाचत होती.

मी रामीबाईले गोठ्यामागं नेलं. "बाई, खरं सांगा. निता तुमच्या पोटची हाय?"

तिचा चेहरा उतरला. "कोणं सांगतलं?"

"तुमच्या रक्तानं."

ती मटकन खाली बसली. "आमी दोघी जावा ऊसतोडीले गेलो होतो. दोन वर्ष तिकडंच राह्यलो. मले लेकरू होत नव्हतं. तिथं फडावर गंगूले पोरगी झाली, तिनं माह्या ओटीत घातली. गावाकडं आलो तं माहीच म्हणून आलो. सासूलेही ठाऊक नाही." मंग तिनं माहे हात धरले. "निताले सांगू नका ताई. पाया पडतो तुमच्या."

खरं सांगतो, मले वाटलं गप राहावं. कोणाचं काय जाते? तरी मी इचारलं, "गंगू कुठं हाय?"

"मानोऱ्याले गेली. तिच्या लहान पोरीले, मंजूले, फिट आली नं परवा. डॉक्टर आज गोळी चालू करणार हाय."

फिटच्या गोळ्याइत एक नेहमीची गोळी अशी हाय, का या दुखण्यात ते लिव्हरवर उलटू शकते. डॉक्टरले आधी ठाऊक पाहिजे. अन् त्याले कसं ठाऊक असणार? जगाच्या हिशोबानं मंजू निताची चुलत बहीण.

"बाई, दोघी एकाच मायच्या," मी म्हणलं. "निताचं दुखणं मंजूतही असू शकते. आज गप राह्यलो तं ते पोर हातची जाईल."

रामीबाईनं डोळे पुसले अन् स्वतःच गंगूले फोन लावला. "गंगू, गोळी देऊ नको. फोन डॉक्टरच्या हातात दे." मी डॉक्टरले सारं समजावलं, मंग मॅडमशी त्याइचं बोलणं करून दिलं. गोळी पोरीच्या पोटात गेली नव्हती. गंगूले म्हणलं, मंजूले घेऊन इकडंच ये, दोघीइचं रक्त लागते.

गंगू आली, हात पुढं केला. मी पट्टा बांधला, तेवढ्यात निता भिंतीपासून उठून आली. "ताई, काकीचं रक्त काहून घेऊन राह्यल्या? दुखणं तं मायकडून येते नं?"

रामीबाईच पुढं झाली. "तुही माय ही गंगूच हाय, निता. मी तुले वाढवलं."

गोजराबाईचं तोंड बंद झालं. गंगू पदरात तोंड घालून रडाले लागली. निता एकदा हिच्याकडं पाये, एकदा तिच्याकडं. आता पोरगी काय म्हणते, या भेवानं माही सुई हातातच राह्यली.

"मंग आजी इतके दिवस तुले शिव्या देऊन राह्यली," ती रामीबाईले म्हणाली, "तवा तू बोलली काहून नाही?"

"डॉक्टर म्हणले होते नं, हे मायकडूनच येते," रामीबाई म्हणाली. "मायच्या वाट्याच्या शिव्या माह्या वाट्याले आल्या, मले बरं वाटलं होतं बाई."