कापडावरचा सज्जा

ज्याच्यापुढं बसून अर्ध्या बेलकोटची लग्नं जमली, तो पडदा मी. मांजरपाटाचा आहे, आठ हात रुंद आणि सहा हात उंच. शिवप्पा फोटो स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर माझं आयुष्य गेलं. माझ्यावर बेलकोटचा राजवाडा रंगवलेला आहे. अकरा पायऱ्या, दोन्ही बाजूंना खांब, वर मधोमध नक्षीदार सज्जा, आणि सज्ज्याच्या कठड्यावर बसलेले दोन पारवे.

उदगीरहून जळकोटकडं जाताना आमचं गाव लागतं. आज इथं बसस्टँड आहे, दोन कॉलेजं आहेत, तुरीचा बाजार आहे. पण एके काळी ही राजधानी होती. संस्थान एवढंसं, राजा निजामाचा मांडलिक, तरी राजधानी ती राजधानी. वाड्यापासून बाजार पायी पाच मिनिटांवर, पण इथला माणूस अजून “शहरात जाऊन येतो” असंच म्हणतो.

पोलीस ॲक्शननंतर संस्थान गेलं. राजा हैदराबादला राहायला गेला आणि वाड्याला कुलूप लागलं. लोकांना करमेना. त्याच सुमारास शिवप्पानं नवा स्टुडिओ टाकला होता. लोकांना वाड्यासमोर उभं राहायला आवडतं हे त्याला ठाऊक होतं. त्यानं नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या व्यंकटीला देगलूरहून बोलावून घेतलं. व्यंकटी रोज सकाळी वाड्यासमोर जाऊन बसायचा, डोळे भरून बघायचा, आणि परत येऊन माझ्यावर तेवढंच उतरवायचा. पंधरा दिवस हे चाललं.

काम झाल्यावर शिवप्पा लांब उभा राहून बघत म्हणाला, खालचं झकास झालंय, पण वरची भिंत लई मोकळी दिसते. माणूस उभा केला की त्याच्या डोक्यावर नुसता चुना. मग काय काढू, असं व्यंकटीनं विचारलं.

“एक सज्जा काढ की,” शिवप्पा म्हणाला. “राजाचा वाडा हाय. शोभंल.”

दुपारपर्यंत सज्जा झाला. पारवे व्यंकटीनं आपल्या मनानं घातले. उंबऱ्यावर बसून शिवप्पाचा आठ वर्षांचा मुलगा गुरुबसप्पा हे सगळं बघत होता.

खऱ्या वाड्याला सज्जा नव्हता. कधीच नव्हता.

शिवप्पा गेल्यावर गुरुबसप्पानं कॅमेरा हाती घेतला. माझ्यापुढं जावळ झालेली बाळं बसली, मॅट्रिक पास झालेल्या मुली बसल्या, दाखवायचे फोटो काढायला आलेले नवरदेव बसले. समोरून सगळे रुबाबदार दिसायचे. मागून मला खरं दिसायचं. ब्लाऊजला घातलेली पिन, उसन्या कोटाची उसवलेली शिवण. फोटोच्या वेळी माणसं श्वास धरून बसतात. “झालं” म्हटलं की सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात. मला ते क्षण फार आवडायचे.

किल्लारीच्या भूकंपात वाड्याची दर्शनी भिंत पडली. नंतर जन्मलेल्या पोरांनी वाडा पाहिला तो घरच्या भिंतीवरच्या फोटोत, म्हणजे माझ्यावरच. हळूहळू म्हाताऱ्यांनाही सज्जा आठवू लागला. गुरुबसप्पाचा शाळासोबती अमृतराव शिक्षक म्हणून निवृत्त झालेला. दर सतरा सप्टेंबरला मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं की तो पोरांना सांगायचा, राजानं सज्ज्यावरून साखर वाटली तेव्हा माझे वडील खाली उभे होते. गुरुबसप्पा दरवर्षी ते ऐकायचा आणि टाळ्या वाजवायचा.

पुढं स्टुडिओ सुनेनं, मंजुश्रीनं सांभाळला. पासपोर्ट फोटोला पांढरी भिंतच लागते, तेव्हा तिनं मला गुंडाळून झेरॉक्सच्या मशीनमागं उभं केलं. तिचा दोष नाही. धूळ मात्र ती न चुकता झटकायची.

दोन वर्षांपूर्वी वाड्याची दर्शनी बाजू पुन्हा बांधायचं ठरलं. त्यासाठी नांदेडहून मालविका नावाची वास्तुरचनाकार आली. कुणाकडं वाड्याचे जुने फोटो असतील तर आणून द्या, असं तिनं गावाला सांगितलं. त्रेचाळीस फोटो आले. ती हरखून गेली. तिसऱ्या दिवशी ती एक भिंग घेऊन स्टुडिओत आली आणि मंजुश्रीला म्हणाली, तीस वर्षांत हे दोन पारवे जागचे हललेच नाहीत. मंजुश्री हसत सुटली आणि तिनं मला फरशीवर उलगडलं.

मालविका नाराज झाली नाही. वाड्याच्या पायाची मापं तिच्याकडं होती. खांबांचं अंतर, पायऱ्यांची संख्या, सगळं माझ्याशी जुळलं. तेव्हा सज्जाही खराच असणार, असं तिनं धरलं. तिनं गुरुबसप्पाला विचारलं, “अप्पा, सगळं वाड्यासारखंच आहे ना?”

गुरुबसप्पा नुसतं “हं” म्हणाला.

सज्ज्यासकट नकाशा तयार झाला. गाव तो बघायला लोटलं. वाड्याच्या दारात शिवप्पाच्या नावाचा दगड बसवायचंही ठरलं. त्यानंतर आठ दिवस गुरुबसप्पा माझ्याशेजारी स्टुलावर बसून असायचा. मंजुश्रीनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. तो मान हलवायचा. नवव्या दिवशी अमृतराव नेहमीसारखा सकाळच्या चहाला आला, तेव्हा गुरुबसप्पानं कप खाली ठेवला.

“अमृता, वाड्याला सज्जा नव्हता. माझ्या बापानं काढायला लावला. मी तिथंच बसलो होतो.”

अमृतरावनं हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाला, “म्हंजे माझे वडील खोटं बोलले व्हय?”

“न्हाई. साखर मिळाली असंल. पायऱ्यांवर मिळाली असंल.”

अमृतराव अर्धा चहा टाकून उठला आणि चालता झाला.

त्याच दुपारी गुरुबसप्पानं मालविकालाही सांगितलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली. तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं, असं ती म्हणाली.

“कापडावर होता तवर ठीक होतं, बाई,” तो म्हणाला. “दगडात बांधला की खरा होईल. मग बापाच्या खोट्यावर सगळं गाव उभं राहील.”

नकाशातून सज्जा गेला. शिवप्पाच्या नावाचा दगडही बसवायचा राहून गेला. बाजारात कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, असंल नसंल, बांधायचा होता की, काय बिघडलं असतं. अमृतराव चहाला यायचा बंद झाला. त्याच्या घरून बाजाराचा रस्ता स्टुडिओवरून जातो, पण तो मागच्या गल्लीनं जाऊ लागला. असे दहा महिने गेले. मंजुश्री सकाळी एकच कप चहा ठेवायला शिकली.

यंदा संक्रांतीनंतर वाडा उघडला. मालविकानं मला एका दालनात टांगलं. आता मी तिथंच असतो. माझ्या कडा विरल्यात, खांबांचा रंग पोपडे धरून सुटतोय. एक पारवा जवळजवळ गेला आहे. खाली पाटीवर स्पष्ट लिहिलंय की सज्जा कल्पनेतला आहे. तरी लोक बाहेरचा दगडी वाडा बघून आत येतात आणि माझ्यापुढंच खुर्ची मागतात. बसा, खुशाल बसा. फक्त खुर्ची जरा पुढं घ्या. माझ्यावर टेकू नका.

उघडलं त्या दिवशी मंजुश्रीनं माझ्यापुढं कॅमेरा लावला आणि बऱ्याच दिवसांनी गुरुबसप्पा त्यामागं उभा राहिला. रांग दारापर्यंत गेली होती. रांगेत अमृतराव होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत काठी. पाळी आल्यावर तो खुर्चीवर बसला. गुरुबसप्पानं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि सवयीनं म्हणाला, हनुवटी वर घे.

“आधी हिकडं ये,” अमृतराव म्हणाला. “शेजारी बस.”

“मग फोटो कोण काढंल?”

“सून हाय की.”

मंजुश्रीनं दुसरी खुर्ची आणून ठेवली आणि सासऱ्याच्या जागी कॅमेऱ्यामागं उभी राहिली. साठ वर्षांत त्यानं गावातला एकेक माणूस माझ्यापुढं बसवला होता, स्वतः कधीच बसला नव्हता. आता बसला खरा, पण त्याला हातांचं काय करावं ते कळेना. ते कधी मांडीवर, कधी खुर्चीच्या दांडीवर जात होते. अमृतरावनं त्याचा एक हात धरला, आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि वरून आपला हात दाबून म्हणाला, “आता हलू नको.”