पिराजीच्या खुंटीवरची गाठ

उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये चौघा कारागिरांचा मिळून लाकूड कातायचा एकच लेथ, आणि कायदाही एकच: गळ्यातलं, हातातलं खुंटीवर, मगच बटणाला हात. भिंतीत चार खुंट्या, त्यातली कोपऱ्यातली पिराजीची. पिराजी जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिथं काही टांगायची कुणाची छाती होत नव्हती. त्याच्या जागी आता त्याची लेक क्रांती काम करायची. तिनंही आपली पाचवी खुंटी ठोकून घेतली होती.

पिराजी कायदा मोडणारा गडी नव्हता. उलट तोच सगळ्यांवर खेकसायचा. वाऱ्यानं पडू नये म्हणून आपला पंचा खुंटीला बैलाच्या दाव्यासारखी गाठ मारून बांधायचा. ती गाठ शंभरदा दाखवूनही क्रांतीला जमली नाही. पण तो गेला त्या दिवशी त्याच्या गळ्यात जोतिबाहून आणलेला, गुलालानं माखलेला पंचा होता. देवाचं कापड खिळ्याला कसं टांगायचं? त्यानं तो गळ्यातच ठेवला. फिरत्या लाकडानं टोक ओढून घेतलं, आणि बटणापर्यंत पिराजीचा हात पोचलाच नाही. माणूस कितीही शहाणा असो, देवाचं नाव आलं की शहाणपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

नवरात्रातली दुपार होती. जोतीरामकाका, शेडमधला सगळ्यात जुना कारागीर, मनगटात देवाचा काळा दोरा कायम बांधलेला, तो चहाला गेला होता. क्रांती एकटीच होती आणि घाईत होती. संध्याकाळी बहिणीच्या बाळाचं बारसं, आणि पाळण्याचा एक खांब अजून व्हायचा होता. तिनं बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं. गळ्यातल्या हिरव्या ओढणीला हात घातला आणि थबकली. सकाळीच अंबाबाईच्या देवळात प्रसाद म्हणून मिळालेली ओढणी. ती खिळ्याला? तिनं टोकं तेवढी कुडत्यात खोचली.

लाकूड चढवून तिनं बटण दाबलं. लेथ हलला नाही. वर पंखा तर फिरत होता. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. तेवढ्यात तिला गुलालाचा वास आला, अगदी जवळून. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कोण हाय?"

शेडमध्ये कुणी नव्हतं. वेळ तर चालली होती. तिनं तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि लेथ गरगर फिरायला लागला. त्याच क्षणी तिला गळा मोकळा लागला. हात नेला तर ओढणी नाही. तिनं घाबरून लेथ बंद केला आणि मागं वळली.

ओढणी कोपऱ्यातल्या खुंटीवर होती, दाव्याच्या गाठीनं बांधलेली.

जोतीराम चहाचा ग्लास घेऊन आला तो दारातच थांबला. "व्हय गं, ही गाठ कुणी मारली?"

"मी न्हाय, काका."

"मग कोण आलतं?"

क्रांतीला रडू आवरेना. "आबा आलतं. त्येंनी केलं त्येच माझ्या हातनं हुणार हुतं की. देवाचं म्हणून मी बी ठेवलं गळ्यात."

जोतीरामनं ग्लास खाली ठेवला, मनगटातला काळा दोरा दातानं तोडला आणि पिराजीच्या खुंटीवर, ओढणीशेजारी अडकवला.