न उलटलेले पान

मी एक जुने मत टोचण्याचे यंत्र आहे. यंत्र हा शब्द माझ्यासाठी थोडा मोठाच आहे, मित्रांनो. मला वीज लागत नाही, माझ्यात चाक नाही की मळसूत्र नाही. घडी घातली तर मी एक फिकट निळी पेटी; उघडून चार नळ्यांचे पाय जोडले की तिन्ही बाजूंनी आडोसा असलेले मेज. त्या मेजावर उमेदवारांच्या नावांची एक वही पक्की बसवलेली असते. मतदार वहीखालच्या खाचेत जाड कागदाचे कार्ड सरकवतो, साखळीने बांधलेली टोचणी नावासमोरच्या भोकात दाबतो, आणि कार्डातून बाजरीच्या दाण्याएवढी एक टिकली सुटून माझ्या पोटात पडते. एवढेच माझे काम. माणसाला काय वाटते हे मला कळत नाही. त्याने कोणते भोक पाडले, हे मात्र कळते. या दोन गोष्टी एकच आहेत असे धरून चालणारे लोक फार आहेत, आणि माझी कहाणी त्यांचीच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तेथे प्रत्येक भोकात शंभर वेळा टोचणी घालून मला तपासले गेले. शंभरांपैकी शंभर टिकल्या सुटल्या, तेव्हा माझ्या बुडाला शिक्का बसला. मी निर्दोष आहे असे त्या शिक्क्यावर लिहिलेले आहे, आणि ते खरे आहे. पुढे जे घडले त्यात माझा एकही भाग बिघडलेला नव्हता, हे कृपया ध्यानात ठेवावे.

तेथून मी अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्याच्या डोंगरांत, टॅनर्स फोर्क नावाच्या गावी आले. गावकऱ्यांनीच चालवलेल्या अग्निशमन केंद्रात आमचे मतदान भरे. बंब बाहेर अंगणात उभे करत आणि आतल्या सिमेंटच्या फरशीवर आम्हा सहा यंत्रांना मांडत. केंद्रप्रमुख होते ओन्बी मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानशिक्षक. पहिल्या वर्षी निकाल दोन तासांत लागला. पूर्वी कागदी मतपत्रिका दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोजत बसावे लागे. लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात काम!" असे कुणीतरी म्हणाले. माझ्या आयुष्यातील ती एकमेव निर्विवाद स्तुती.

या देशात दोन पक्ष आहेत. एकाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव, आणि गाढववाले म्हणवून घेण्यात येथे कुणालाही संकोच वाटत नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर या पक्षांसाठी एकेक भोक असे. ते टोचले की राज्यपालापासून थेट जिल्ह्याच्या शेरीफपर्यंत त्या पक्षाच्या सर्व उमेदवारांना एकदम मत जाई. सर्वांना, एक सोडून. आमच्या राज्याच्या कायद्याने राष्ट्राध्यक्षपद त्यातून वगळले होते. त्याचे मत वेगळे, दुसऱ्या पानावर टोचावे लागे. राज्याची सीमा ओलांडली की हा अपवाद नव्हता. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना होती: 'वरील मत राष्ट्राध्यक्षपदास लागू नाही. त्यासाठी पुढील पान पाहावे.' कायद्याला जेवढी अक्षरे लागतात तेवढी तेथे होती. डोळ्यांना जेवढी लागतात तेवढी नव्हती.

आता मी ज्या दोघांविषयी सांगणार आहे ते हयात नाहीत, म्हणूनच सांगते. हॉइट लाफ्टर आणि त्याची बायको व्हर्निस. दोघांनीही मोज्यांच्या गिरणीत उभा जन्म काढलेला, आणि गिरणी बंद पडल्यावर दोघेही घरी. घराणे पिढ्यान्‌पिढ्या हत्तीवाले. लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीत हॉइटने तिला शिकवले होते, "पक्षाचं भोक टोचायचं आणि घरी यायचं. बाकी वाचत बसलीस तर डोकं दुखेल." ते त्या काळी बरोबर होते. पुढे कायदा बदलला; हॉइट बदलला नाही. परिणाम असा की, गावात राष्ट्राध्यक्षावर सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या या माणसाने, मी आल्यापासूनच्या चारही निवडणुकांत, राष्ट्राध्यक्षासाठी मतच दिलेले नव्हते. हे त्याला ठाऊक नव्हते. मला होते.

पाचव्या निवडणुकीच्या आधीचा ऑक्टोबर. केंद्रात कोंबडीचे सारण भरलेल्या 'पाय' नावाच्या पक्वान्नाचे सामुदायिक जेवण होते, आणि मास्तरांनी लोकांच्या सरावासाठी मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभे केले होते. सरावाची वही गमतीची होती: एक पक्ष सफरचंदाचा, दुसरा रताळ्याचा. तिला पान एकच होते. मास्तरांच्या हातून झालेली ही एकच चूक, आणि ती त्यांनी लोकांना हसवण्यासाठी केली होती.

आत व्हर्निस आणि तिची मैत्रीण ओव्हेला पीठ लाटत होत्या.

"मी या खेपेला फिरणार आहे," व्हर्निस हळूच म्हणाली.

"कुठे फिरणार? या गुडघ्यांनी?"

"पक्ष गं. पक्ष."

लाटणे थांबले. "हॉइटला सांगितलंस?"

"मी काय वेडी आहे? मतदानापर्यंत त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचंय मला."

"पण झालं काय तुला?"

"परवा टीव्हीवर त्या गाढववाल्या माणसाला विचारलं ना, गिरण्या परत चालू होतील का? म्हणाला, मला ठाऊक नाही. पन्नास वर्षं या लोकांची तोंडं बघतेय मी, ओव्हेला. ठाऊक नाही म्हणणारा हा पहिलाच. मला त्याला मत द्यायचंय. आजवर दिली ती सगळी हॉइटची मतं. हे एक माझं."

"मग दे की त्याला एकट्याला. ड्वेनला कशाला बुडवतेस?" ड्वेन हा हॉइटचा चुलतभाऊ, जमिनींच्या नोंदणीच्या पदासाठी हत्तीवाल्यांकडून उभा होता.

"तसं कुठे करता येतं? भोक एकच. नवरदेव हवा तर वऱ्हाडही घ्यावं लागतं."

मी त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभे होते. माझ्या अंगावर सफरचंद आणि रताळे होते.

नोव्हेंबरातला तो मंगळवार थंड होता. दारात चर्चच्या बायका कॉफी आणि हॅम घातलेले छोटे पाव देत होत्या. हॉइट शेजारच्या यंत्राकडे गेला, व्हर्निस माझ्याकडे आली. तिने कार्ड सरकवले, टोचणी उचलली, आणि ती थांबली. मी सेकंद मोजते. ती सदतीस सेकंद थांबली.

"अगं, आटप!" हॉइट पलीकडून ओरडला. "नवरा निवडायचाय का तिथे?"

"तो निवडताना घाई केली होती, म्हणून आता वेळ घेतेय!"

रांग हसली. व्हर्निस हसली नाही. "माफ कर रे ड्वेन," असे ओठांत पुटपुटून तिने गाढवांच्या पक्षाचे भोक टोचले. टिकली स्वच्छ सुटली आणि माझ्या पोटात पडली. मग तिने डोळे मिटून श्वास सोडला, जसा माणूस फार जड ओझे खाली ठेवल्यावर सोडतो. तिची करंगळी पानाच्या कडेला लागलेली होती. दुसरे पान, ज्यावर त्या माणसाचे नाव होते, त्या करंगळीखाली होते.

मित्रांनो, पान उलटण्याची सोय माझ्या रचनेत नाही. मला स्प्रिंग नाही, घंटा नाही. मी वही धरून ठेवते, आणि तेवढ्यापुरतेच मला घडवले आहे. तिने कार्ड काढले. ज्या एका माणसासाठी तिने घराणे, नवरा आणि ड्वेन यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्याला सोडून त्याच्या पक्षातील प्रत्येकाला तिचे मत मिळाले होते.

बाहेर दोरीपलीकडे एका वर्तमानपत्राची मुलगी सर्वेक्षणाचे कागद घेऊन उभी होती. "मॅडम, राष्ट्राध्यक्ष म्हणून तुम्ही कुणाला मत दिलंत, सांगाल?"

व्हर्निसने हॉइट बंबापाशी गप्पा मारतो आहे याची खात्री केली आणि नाव सांगितले. स्पष्ट, दोनदा. मुलीने चौकटीत फुली मारली. अशा रीतीने व्हर्निसचे मत त्या दिवशी मोजले गेले. फक्त निवडणुकीत नाही.

तो माणूस हरला. राज्यात तो इतक्या फरकाने हरला की व्हर्निसच्या मताने काहीही बदलले नसते, हेही मी नोंदवून ठेवते. ड्वेनही पडला, त्यालाही तिचे एक मत पुरे पडणारे नव्हते.

पुढच्या शनिवारी केंद्रात पुन्हा जेवण होते. आम्हा यंत्रांना न्यायला अजून गाडी आली नव्हती. मास्तरांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवले, "आपल्या केंद्रावर चारशे सहा कार्डं. त्यांतल्या एकतीस कार्डांवर राष्ट्राध्यक्षासाठी मतच नाही. विद्यापीठातले एक प्राध्यापक म्हणतात की, हा दोन्ही उमेदवारांविरुद्ध डोंगरी माणसाचा मूक निषेध आहे."

"अगदी बरोबर!" हॉइटने टेबलावर मूठ आपटली. "तरी म्या माझ्या माणसाला दिलं, आणि तो आला!"

"कमाल आहे बाई लोकांची," व्हर्निस म्हणाली. "कुडकुडत रांगेत उभं राहायचं, आणि ज्याच्यासाठी आलो त्यालाच मत द्यायचं नाही? असल्यांना मी तर कार्डच दिलं नसतं."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र ठेवले, माझ्यापाशी आले, माझी घडी उघडली. खऱ्या वहीचे पहिले पान त्यांनी बोटाने खालपर्यंत वाचले. बोट तळाच्या ओळीवर थांबले. मग त्यांनी मान वळवून आधी हॉइटकडे आणि नंतर व्हर्निसकडे पाहिले. तिचा चेहरा त्या संध्याकाळी फार खुललेला होता. ओव्हेलाने तिचा हात टेबलाखाली धरलेला होता.

"काय मास्तर, तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारले. "कोण असतील ही माणसं?"

"मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

नंतर त्यांनी जिल्ह्याला तीन पत्रे लिहिली. उत्तर एकाचे आले: सूचना कायद्यानुसार छापलेली आहे.

चार वर्षे गेली. हॉइट मार्चमध्ये वारला. तो 'ठाऊक नाही' म्हणणारा माणूस पुन्हा उभा राहिला. मतदानाच्या सकाळी मास्तरांनी पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहून माझ्याशेजारी उभे केले: 'पान उलटा. दुसरे पान पाहा.'

केंद्रात दोन्ही पक्षांचे निरीक्षक बसलेले असतात. गाढववाल्याने आकडे काढले होते: कोऱ्या राहणाऱ्या कार्डांत हत्तीवाले जास्त. हत्तीवाल्याकडेही आकडे होते: गाढववाले जास्त. दोघांच्याही मते त्या पुठ्ठ्याने समोरच्याचा फायदा होणार होता.

"मास्तर, हा प्रचार झाला," एक म्हणाला.

"पानाचा नंबर सांगणं हा प्रचार?"

"राष्ट्राध्यक्षाचंच पान का? शेरीफचं का नाही?" दुसरा म्हणाला.

एकाच तक्रारअर्जावर दोघांनी सह्या केल्या. या दोन पक्षांचे एकमत झालेले मी आयुष्यात तेवढे एकदाच पाहिले. साडेनऊला जिल्ह्याहून फोन आला आणि पुठ्ठा खाली उतरला.

व्हर्निस दहाला आली, काठी टेकत.

"काही अडलं तर विचार हो," मास्तर घाईघाईने म्हणाले. "काहीही. तू विचारलंस तर मला सांगता येतं. मी आपणहून सांगू शकत नाही."

"मास्तर, छप्पन्न वर्षं मत देतेय मी. आता काय विचारायचं?"

"तरी पण. एखादं पान वगैरे..."

दोन्ही निरीक्षक एकदम खाकरले.

"तुम्ही थकलात, मास्तर," व्हर्निस मायेने म्हणाली. "बसा जरा. कॉफी घ्या."

या वेळी तिला अकरा सेकंद लागले. टिकली सुटली, पडली. पान पानावरच राहिले. मास्तर घड्याळाकडे पाहत होते. पान उलटून नाव शोधायला अकरा सेकंद पुरत नाहीत, हे त्यांना माझ्याइतकेच कळत होते.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं! या खेपेला आणतेच बघा त्याला निवडून."

तिने कार्ड कुलूपबंद पेटीत टाकले. मास्तरांचा हात पेटीच्या झाकणापर्यंत गेला आणि तेथेच राहिला.

तो माणूस खरोखरच निवडून आला. व्हर्निसने ओसरीवर झेंडा लावला, आणि पुढे दोन वर्षांनी ती गेली तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की, त्याला आणणाऱ्यांत मी एक आहे. मास्तर तिच्या ओसरीवर पुष्कळदा बसत. ते ऐकत आणि मान डोलवत.

मी आता त्याच केंद्राच्या अडगळीत आहे. माझ्यावर नाताळच्या दिव्यांची खोकी आहेत. माझ्या पोटात खालच्या कोपऱ्यात काही टिकल्या अजून चिकटून राहिल्या आहेत. त्या कोणाच्या हे सांगण्याचा कोणताही उपाय नाही, आणि मी अंदाज करणार नाही.

मित्रांनो, यंत्राची निगा राखावी असे तुम्हाला शिकवतात. माझी निगा उत्तम राखली गेली होती. तेव्हा मागणे एवढेच आहे की, ज्या कागदापुढे तुम्ही मनातली गोष्ट घेऊन उभे राहाल, तो तळाच्या ओळीपर्यंत वाचा, आणि शेजारच्याला अडले असेल तर त्याने विचारायची वाट पाहू नका. हेही मी सांगते ते फारशा आशेने नव्हे. तुमच्यासमोर असेल ते यंत्र मी नसेन. आणि तेही अगदी निर्दोष असेल, आणि गप्प असेल.