जावयाच्या पोटात सासूबाई

मी किडनी बोलतेय. हसू नका, आयुष्यभर मुकाट गाळत बसलेय, आता चार शब्द बोलू द्या.

माझं माहेर मसाका गावाजवळच्या एका केळीच्या बागेत. नाकिगोझी नावाच्या बाईच्या पोटात आम्ही दोघी बहिणी बावन्न वर्षं सुखात नांदलो. मग तिच्या जावयाच्या, सेबुलिबाच्या, दोन्ही किडन्यांनी राम म्हटला. हा शिंपी. अख्ख्या गावातल्या बायका लग्नाच्या गोमेसी, म्हणजे उंच खांद्यांचे पायघोळ झगे, त्याच्याकडूनच शिवून घेतात. बायकोचा, नबुकीराचा, रक्तगट जुळेना. त्याच्या भावांना नेमकी त्याच आठवड्यात कामं निघाली. जुळली ती एकटी सासू.

तिथेच घोडं पेंड खात होतं. आमच्या गंडा लोकांत सासूने जावयाला तोंड दाखवायचं नाही, जावयाने सासूला हात लावायचा नाही. तो वाटेत दिसला की नाकिगोझी सरळ केळीत शिरायची. हा नियम मोडला की हाताला कायमचं कापरं भरतं, असं सगळे सांगतात. सेबुलिबाची फेडेरेसी आत्या तर ऐकूनच थरथरली. पण नबुकीरा मोठी बिलंदर. ती म्हणाली, "वाडवडिलांनी तोंड बघू नका म्हटलंय, हात लावू नका म्हटलंय. किडनीबद्दल ते चकार शब्द बोललेले नाहीत."

झालं. कंपालाच्या इस्पितळात दोघांना वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवलं आणि मी एका पोटातून निघून दुसऱ्या पोटात आले. तोंड मात्र कोणी कोणाचं पाहिलं नाही.

सासर बरं होतं, पण तिथले पहारेकरी भारी कडक. रक्तात फिरायचे, परकं कोणी दिसलं की धरून हाणायचे. त्यांना डुलकी आणायला सेबुलिबाला रोज सकाळी आठला आणि रात्री आठला गोळ्या घ्याव्या लागत. या गोळ्या जन्मभर चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी चारदा बजावलं होतं. पहारेकरी घोरायला लागले की मी निवांत कामाला लागायची. चार महिने मजेत गेले.

मग एका सकाळी सेबुलिबाला सुईत दोरा ओवता येईना. हात लटलट कापत होते. आत्या टपूनच होती. "सांगत होते ना? सासूला पोटात घेऊन बसलास. अंग तिला बाहेर काढायला बघतंय आणि तू गोळ्या घालून तिला डांबून ठेवतोस."

माणूस शिंपी, हात हेच त्याचं पोट. त्याने गुपचूप गोळ्या बटणांच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पहारेकऱ्यांनी आळोखेपिळोखे दिले. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले. मी खोडकर आहे, भित्री नाही, पण खरं सांगते, त्या दिवशी मला माहेर फार आठवलं.

पाचव्या दिवशी नबुकीरा बटण शोधायला गेली आणि डब्यात गोळ्या सापडल्या. नवऱ्याचे पाय सुजलेले तिने पाहिलेच होते. तिने काही भांडण केलं नाही. आईला फोन केला.

नाकिगोझी दुपारच्या गाडीने आली आणि बंद दाराबाहेर चटईवर बसली. आत सेबुलिबा, बाहेर सासू, मध्ये दार. तिने लेकीकडून सुईदोरा मागवला आणि आत्याला समोर बसवलं.

"आत्याबाई, हा दोष लागला तर एकट्या जावयाला लागतो की सासूलाही?"

"दोघांना," आत्या म्हणाली.

"मग माझे हात बघा."

तिने एका फटक्यात दोरा ओवला आणि सुई दाराखालून आत सरकवली. "जावईबापू, पाप असतं तर माझेही हात कापले असते. मी माझ्या राजीखुशीने आत आलेय. मला हाकलू नका."

मग सेबुलिबाचं रडू मी अगदी जवळून ऐकलं. त्याने गोळी गिळली आणि त्याच संध्याकाळी कंपालाची गाडी धरली.

दहा दिवस इस्पितळात काढले. जबर औषधं देऊन पहारेकऱ्यांना पुन्हा झोपवलं. माझं थोडं नुकसान झालं, पण जीव वाचला. कापऱ्याचं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, हा गोळीचाच गुण आहे. मला का नाही विचारलंत?" त्यांनी मात्रा थोडी उतरवली. आता दोरा दुसऱ्या खेपेला जातो, कधी तिसऱ्या. आत्या तेवढ्यापुरती गप्प आहे.

तोंड बघायची बंदी अजून तशीच आहे, पण फोनला बंदी नाही. रोज आठच्या ठोक्याला नाकिगोझीचा फोन येतो. तेव्हा बाबांनो, तुमच्या पोटातही कोणी पाहुणी असेल, तर कापरं भरो की मळमळो, आधी डॉक्टरांना विचारा. गोळी बटणांत टाकू नका.

आजही फोन आला. "माझी मुलगी बरी आहे ना?" सासूने विचारलं.

सेबुलिबाने गोळी घेतली, वर घोटभर पाणी प्यायला आणि विचारलं, "कुठली, आई? बाहेरची की आतली?"